पाचव्या स्क्रूवरचं नेलपॉलिश

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ऑर्लिन हॉगनने चर्चच्या आवारात पिकअप उभी केली आणि वीस मिनिटं तो आतच बसून राहिला. चर्चच्या तळघरात कॅसेटवाल्यांच्या मंडळाची वार्षिक चाचणी होती. ऑर्लिनच्या कोटाच्या आतल्या खिशात एक मेटल कॅसेट होती, सदतीस वर्षांपूर्वी घेतलेली, अजून सेलोफेनमध्ये जशीच्या तशी. चाचणीत ती फोडायचं त्याने कबूल केलं होतं. कबूल केलं होतं बायकोला. मार्लिस जाऊन दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे न फोडता तसंच घरी गेलं तरी विचारणारं कोणी नव्हतं. अडचण तीच होती.

पिकअपच्या टेपमध्ये मार्लिसची पोल्काची, म्हणजे नाचाच्या गतींची, कॅसेट लागली होती. तिचे वडील गावच्या रेडिओवर दर रविवारी अकॉर्डियन वाजवायचे. त्यांचा शेवटचा कार्यक्रम मार्लिसने घरी टेप केला होता. कॅसेट साधी, तीनच्या पाकिटात मिळते तसली. वर कागद चिकटवलेला, तोही असा की कॅसेटची खिडकी पूर्ण झाकली गेली होती. कागदावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा, रविवार, १४ फेब्रुवारी १९८८'.

"खिडकीवर कोणी कागद लावतं का?" ऑर्लिन म्हणायचा. "फीत किती उरली ते दिसत नाही."

"आत लोक नाचतायत," मार्लिस म्हणायची. "डोकावू नये."

ही कॅसेट वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात वाजली. अकॉर्डियनचा आवाज जरा जास्तच तीक्ष्ण यायचा, कानाला टोचायचा. मार्लिस लावायच्या आधी वरच्या सुरांचं बटण अर्धा वळसा डावीकडे फिरवायची. ऑर्लिन ते परत सरळ करायचा. बटणं फिरवून आवाज दुरुस्त करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. बटण मध्यावर हवं, आणि फीत चांगली हवी. मार्लिस पुन्हा फिरवायची. ती गेल्यावर ऑर्लिनने कॅसेट पिकअपमध्ये आणून ठेवली. इथे बटण सरळच होतं, आणि अकॉर्डियन टोचत होतं.

त्याने टेप बंद केला आणि खाली गेला.

तळघरात कॉफीचा मोठा भगुना गुरगुरत होता आणि टेबलावर रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या मांडल्या होत्या.

"आला, आला! बँकेचा लॉकर चालत आला," व्हर्न डिट्रिख ओरडला. व्हर्न ऑर्लिनचा पन्नास वर्षांचा मित्र आणि चाचणीतला पन्नास वर्षांचा वैरी. "कोट काढ रे. का त्यातच पुरायचं तुला?"

"त्याला कॉफी तरी घेऊ दे," आर्डिस टोलफसन म्हणाली. चर्चमध्ये हातातल्या घंटा वाजवणारी मंडळी होती, ती तिच्या हाताखाली शिकायची. कॅसेटच्या मंडळातही तिचंच चालायचं. "ये ऑर्लिन, बस. गेल्या वर्षी फ्लू झाला होता ना तुला? नेमका चाचणीच्या दिवशी?"

"हो."

"संध्याकाळी दुकानात दिसलास मला. आइस्क्रीम घेत होतास."

"घसा धरला होता."

"बघ, म्हणजे औषधच ते," आर्डिस म्हणाली आणि त्याच्यापुढे दोन वड्या ठेवल्या.

टेबलाच्या टोकाला ग्लेन कॅसेटी हुंगत बसला होता. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. जुन्या जर्मन क्रोम कॅसेटीला मुलांच्या मेणाच्या खडूंसारखा वास येतो आणि ग्लेनचं नाक त्यात कधी चुकलं नव्हतं. डोळे मिटून, कॅसेटचं तोंड नाकाशी धरून तो एकेक बाजूला ठेवत होता. "खडू. खडू. हा खडू नाही, ही जपानी, नुसतं नाव लावलंय क्रोमचं."

"बायको घरात घेते का रे तुला?" व्हर्नने विचारलं.

"ती साबण हुंगते. आमचं जमतं."

चाचणीची पद्धत ठरलेली होती. आर्डिसकडे तिच्या घंटांचं एक चोख ध्वनिमुद्रण होतं. घंटांचे वरचे सूर टिपणं हे फितीचं सगळ्यात अवघड काम. तेच दोन मिनिटांचं वादन सहा कोऱ्या कॅसेटींवर भरायचं. नाताळच्या नाटकाचा पडदा ओढायचा आणि पडद्यामागून आर्डिसने एकेक वाजवायची. बाकीच्यांनी नुसतं ऐकून चांगली-वाईट लावायची. ज्याची कॅसेट पहिली, त्याला पिवळी पेन्सिल. तीच, ढिली झालेली फीत बोटाने न गुंडाळता जिने गुंडाळतात ती. ज्याची शेवटची, त्याने कॉफीचा भगुना घासायचा.

व्हर्न क्रोमचा, म्हणजे क्रोमियमची पूड लावलेल्या फितीचा, भक्त. क्रोमची सळसळ कमी, क्रोमला इतिहास आहे, असं तो दरवर्षी सांगायचा. आर्डिसचा जीव साध्या फितीवर. साध्या फितीवर लोखंडाच्या गंजाची पूड असते. "आख्ख्या जगाची गाणी गंजावर वाजली," ती म्हणायची, "तुम्हाला कशाला हवेत नखरे?" आणि ऑर्लिन मेटलवाला. मेटलच्या फितीवर गंज नाही, शुद्ध लोखंडाची पूड. सगळ्यात महाग, सगळ्यात जोरकस, आणि आता कुठे बनतही नाही.

खिशातली ती मेटल त्याने एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या शरदात घेतली होती. पांढरं जड कवच, खिडकी म्हणजे काळ्या काचेची नुसती फट. घरी आणली त्या दिवशी जेवायच्या टेबलावर मधोमध ठेवून त्याने मार्लिसला बजावलं होतं, "हिला हात लावायचा नाही. ही योग्य वेळेसाठी आहे."

योग्य वेळ काही आली नाही. दर मार्चमध्ये मंडळ म्हणायचं, फोड. ऑर्लिन म्हणायचा, पुढच्या वर्षी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मार्लिस अधूनमधून कपाटाची धूळ पुसताना ती हातात घ्यायची आणि विचारायची, "ऑर्लिन, कशासाठी राखलीयस रे ही? वर गेल्यावर डेक मिळणार आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता हसत निघून जायची. इतकं काय हसायचं त्यात, असं त्याला वाटायचं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही ती तशीच हसली. "माझ्यानंतर जी पहिली चाचणी येईल ना, तिला ती कॅसेट फोड. कबूल कर."

"आता हे काय मध्येच?"

"कबूल कर म्हणते ना."

त्याने कबूल केलं. त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि नर्स धावत आली. औषधांचा परिणाम असेल, असं ऑर्लिनने धरलं. पहिल्या चाचणीला त्याच्या अंगात बळ नव्हतं. कॅसेट फुटली की मार्लिसला दिलेला शब्द पुरा होऊन तिच्याशी उरलेलं शेवटचं बोलणंही संपणार होतं. मग काय उरतं?

"बरं," आर्डिस म्हणाली. "पाच झाल्या भरून. सहावी?"

ऑर्लिनने खिशातून कॅसेट काढली, चाकू उघडला आणि सेलोफेनच्या कडेला लावला. हात तिथेच थांबला.

"नको फोडूस वाटलं तर," व्हर्न हळूच म्हणाला. "मी चिडवतो ते मला दुसरं काही येत नाही म्हणून."

"माहीत आहे," ऑर्लिन म्हणाला, आणि चाकू ओढला.

सेलोफेन गुंडाळून त्याने खिशात टाकला. डबी उघडून कॅसेट आर्डिसकडे द्यायला निघाला, तोच ग्लेनने हात पुढे केला. "एकदाच." त्याने हुंगली. "हं," म्हणाला. पुन्हा हुंगली. मग ऑर्लिनच्या तोंडाकडे पाहिलं, कॅसेट पुढे दिली आणि वडी खायला लागला.

भरायचं काम व्हर्नच्या डेकवर होतं. त्या डेकचा त्याला भारी अभिमान. कॅसेटच्या पाठीवरच्या खाचा चाचपून तो आपणहून ओळखायचा, की ही साधी, ही क्रोम, ही मेटल, आणि त्याप्रमाणे जोर लावायचा. मेटलला जोर जास्त लागतो. डेकने खाचा पाहिल्या, मेटलचा दिवा लागला, दोन मिनिटं झाली. मग पडदा.

पहिली कॅसेट ठीक. दुसरी चांगली, घंटा लख्ख. तिसरी जरा सळसळणारी. आणि चौथी वाजली तशी सगळ्यांनी माना वर केल्या. घंटा कोणी गोधडीखाली घालून वाजवतंय असा आवाज. वरचे सूर गायबच. व्हर्न खदखदून हसला. ऑर्लिनलाही हसू आलं. त्याने कागदावर लिहिलं, 'चार – गोधडी.'

पाचवी, सहावी झाली. सहावी उत्तम होती. हीच आपली, असं ऑर्लिनला वाटलं आणि त्याचे खांदे जरा सैल झाले. 'बघ,' तो मनात मार्लिसला म्हणाला, 'यासाठी राखली होती.'

आर्डिस पडद्याबाहेर आली. तिच्या हातात चिठ्ठी होती आणि ती वाचायला तिला फार वेळ लागत होता.

"सहा नंबर व्हर्नचं क्रोम," ती म्हणाली. "चार नंबर..."

"सांग की," ग्लेन वडीकडे बघत म्हणाला.

"चार नंबर ऑर्लिन."

व्हर्नला राहवलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण पन्नास वर्षं वाट पाहिली होती. "सांगत होतो! लोखंड आहे ते, लोणचं नव्हे मुरवायला! सदतीस वर्षं धरून बसलास, शेवटी गंजलं तुझं लोखंड!"

ऑर्लिन हसला नाही. व्हर्न बोलला ते खरंच होतं असं त्याला वाटलं. फार थांबलो. पहिल्या चाचणीला फोडायला सांगितली होती, तेव्हाही थांबलो. तिचं एकच सांगणं होतं, आणि मी आइस्क्रीम आणायला गेलो.

त्याचं तोंड बघून व्हर्नचं हसू विरलं. पडद्यामागे जाऊन त्याने कॅसेट काढून आणली आणि दिव्याखाली धरली.

"ए, थांब," तो म्हणाला. "ही फीत बघ. तपकिरी आहे."

"गंजली म्हणून," ऑर्लिन म्हणाला.

"अरे गंजली तर खपल्या पडतील, असा गुळगुळीत रंग नाही येत. मेटल काळी कुळकुळीत असते, तुला मी सांगायचं का? ही साधी फीत आहे. तीनच्या पाकिटातली! साध्या फितीवर माझ्या डेकने मेटलचा जोर लावला, मग घंटा मरणारच. मापात ठोकायचा खिळा घणाने ठोकला!"

"मला वासानेच कळलं होतं," ग्लेन म्हणाला. "पण म्हटलं, आज कशाला त्याचं मन मोडा."

"फसवलं तुला," व्हर्नला आता ऑर्लिनच्या वतीने राग आला. "नकली माल! कुठून घेतली होतीस?"

"लिंडालच्या दुकानातून."

"मग त्या काउंटरवर कोण बसायचं त्याला धरायला हवं होतं तेव्हाच!"

"काउंटरवर मार्लिस बसायची," ऑर्लिन म्हणाला.

व्हर्नचा दिव्याखालचा हात खाली आला.

ऑर्लिनने व्हर्नच्या हातातून कॅसेट घेतली आणि उलटी केली. पांढऱ्या कवचाच्या पाठीवर पाच खोल भोकं, प्रत्येकात एक बारीक स्क्रू. त्याने चष्मा कपाळावर सरकवून कॅसेट डोळ्यांशी नेली. चार स्क्रू कोरे होते. पाचव्यावर, मधल्यावर, गुलाबी ठिपका होता.

आर्डिसने वाकून पाहिलं. "नेलपॉलिश," ती म्हणाली.

अडकलेल्या कॅसेटी उघडून दुरुस्त करायला मार्लिसला ऑर्लिननेच शिकवलं होतं, घरच्या जेवायच्या टेबलावर. वर्षभरात ती त्याच्याहून तरबेज झाली. दुकानात गिऱ्हाइकांच्या कॅसेटी तीच नीट करायची, आणि शेवटचा स्क्रू बसवला की तो सैल होऊ नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकायची. दुकानाच्या मागच्या खोलीत सेलोफेन चढवायचं यंत्रही होतं. परत आलेल्या तबकड्या त्यावरच पुन्हा पाकीटबंद व्हायच्या.

"फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशी," ऑर्लिन खुर्चीवर बसत म्हणाला. "व्हर्न, आपण तळ्यावर होतो. बर्फावर. तीन दिवस."

"मासेमारीला, हो. तू एक मासा पकडलास, मी नऊ."

"तेव्हा घरात कोरी कॅसेट एकही नव्हती. मीच सगळ्या चाचणीसाठी भरून टाकल्या होत्या. रविवार, दुकानं बंद. आणि रेडिओवर तिचे बाबा." त्याने नखाने गुलाबी ठिपका चाचपला. "माझ्या दोनशे कॅसेटी होत्या घरात. कुठलीही पुसून भरता आली असती. तिने माझं एकही पुसलं नाही."

"मग कशावर भरलं?" ग्लेनने विचारलं.

ऑर्लिन उठला. कोट न घालताच जिना चढून बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात पोल्काची कॅसेट होती. टेबलाशी उभं राहून त्याने खिडकीवरच्या कागदाचा कोपरा नखाने सोडवला. कागद जुना, पण डिंक चिवट होता. कोपरा उचलला. आत फीत काळी कुळकुळीत होती.

"बाई गं!" आर्डिस म्हणाली.

"सोमवारी तिने दुकानातून तीनचं पाकीट आणलं," ऑर्लिन म्हणाला. "मी विचारलं होतं, दोनच कशा, तिसरी कुठाय? म्हणाली, तिच्यात बाबा आहेत. साध्या कॅसेटची फीत काढून माझ्या पांढऱ्या कवचात घातली, आणि माझी मेटल या कवचात."

"आणि वरून कागद," व्हर्न म्हणाला.

"आणि वरून कागद. आणि मग छत्तीस वर्षं मला विचारत राहिली, कशासाठी राखलीयस म्हणून."

व्हर्नने हसू दाबायचा प्रयत्न केला. त्याच्या नाकातून आवाज आला. मग ऑर्लिनच हसायला लागला आणि सगळ्यांचाच बांध फुटला. ऑर्लिन हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि त्यातलं कुठलं कशासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. गेल्या दीड वर्षात मार्लिसचं जे काही हाती यायचं ते जुनंच असायचं, शंभरदा आठवलेलं. आज पहिल्यांदा तिच्याकडून काहीतरी नवीन आलं होतं.

"लावू या ना ही," आर्डिस म्हणाली.

"माझ्या डेकवर नाही चालणार," व्हर्नने कबूल केलं. ते त्याला जड गेलं. "तो खाचा बघतो. कवच साध्याचं आहे, तो साधीच समजणार."

"म्हणूनच आजवर टोचत होतं," ऑर्लिन म्हणाला. "घरच्या टेपवरही आणि गाडीतही. मेटल साध्यासारखी वाजवली की वरचे सूर जास्तच येतात."

"माझ्या म्हातारीला बटणं आहेत," आर्डिस म्हणाली. तिचा डेक सगळ्यात जुना, कोपऱ्यात पडलेला, दरवर्षी व्हर्नच्या टिंगलीचा विषय. "तिला आपल्याला सांगावं लागतं, पण सांगितलं की ऐकते. नवऱ्यांसारखं नाही."

तिने कॅसेट आत सरकवली आणि मेटलचं बटण हाताने दाबलं.

मार्लिसच्या बाबांचं, आलोइस वेंझेलचं, अकॉर्डियन तळघरात वाजलं. टोचलं नाही. आवाज भरलेला होता, खालचा सूर जमिनीतून आल्यासारखा, आणि भात्याचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्याच्या बुटाचा ताल ऐकू येत होता. ऑर्लिनने ही कॅसेट हजारदा तरी ऐकली असेल, पण सासऱ्याचा बूट आज पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या पोल्काला आर्डिसचा पाय हलायला लागला. ग्लेनने वडी खाली ठेवली.

बाजू संपली तेव्हा व्हर्न उठला. पिवळी पेन्सिल त्याच्या खिशात होती, कायद्याने त्याचीच. त्याने ती ऑर्लिनपुढे टेबलावर ठेवली.

"ही तुला नाही हं," तो म्हणाला. "तू हरलास. गोधडी तुझी. ही मार्लिसची."

"तिला पोचवतो," ऑर्लिन म्हणाला.

"आणि भगुना?"

"माझा."

स्वयंपाकघरात ऑर्लिनने भगुना घासला, व्हर्नने पुसला. जळलेल्या कॉफीचा थर तळाला धरला होता आणि तो निघायला वेळ लागला.

"इतकी वर्षं ती हसत असेल रे तुला," व्हर्न म्हणाला.

"समोर बसून," ऑर्लिन म्हणाला. "रोज जेवताना."

"माझ्या बायकोला सांगू?"

"सगळ्या गावाला सांग. तुला न सांगायला सांगून उपयोग काय?"

बाहेर ऊन पडलं होतं आणि आवारातला बर्फ पाणी पाणी झाला होता. ऑर्लिन पिकअपमध्ये बसला. पेन्सिल समोर काचेखाली ठेवली. पोल्काची कॅसेट टेपमध्ये सरकवली, आणि अकॉर्डियन पुन्हा कानाला टोचायला लागलं. पिकअपच्या टेपला मेटलचं बटण नव्हतं.

त्याने हात पुढे केला, वरच्या सुरांचं बटण अर्धा वळसा डावीकडे फिरवलं, तिथेच ठेवलं, आणि गाडी सुरू केली.